काकूची माघ द्वितीया

तै, म्हणजे आपला पौष-माघ, लागला की इन्नंबूरच्या रस्त्यावर बसचा वेग अर्ध्यावर येतो. डांबरावरच भात वाळत घातलेलं असतं, आणि उरलेल्या चिंचोळ्या पट्टीतून बस, स्कूटर, गाई, माणसं सगळी एकमेकांवर डाफरत पुढे सरकतात. यंदा कापणी यंत्रानं झाली. एका दुपारीत अख्खं शेत भुईसपाट. पण वास तोच, ओल्या पेंढ्याचा, चिखलाचा, किंचित आंबूस. तो खिडकीतून आत आला तसा मी पदर नाकाला लावला. शेजारच्या बाईला वाटलं धुळीचा त्रास होतोय. तिनं आपणहून काच ओढून घेतली, आणि मला बरं वाटलं.

हा महिना मला फार आवडायचा हो. पहाटेचं दव, दारातल्या मोठमोठ्या रांगोळ्या, कावेरीला अजून पाणी असतं, बाजारात ओली हळद पानांसकट बांधून येते. आता तो आला की मला कुठेतरी लपावंसं वाटतं. कारण सरळ सांगते. आमच्या गोदाकाकूचा नवरा ह्याच महिन्यात, ऐन कापणीत गेला. आणि मी, गणित शिकवणारी शहाणी बाई, तिला तीन वर्षं सांगत राहिले की नाही काकू, ते चैत्रात गेले. तुला आठवत नाही.

आम्ही तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या इथलेच. दाराबाहेर पाऊल पडलं की तमिळ, दाराच्या आत आमचं ते जुनं मराठी, जे ऐकून पुण्याकडची माणसं गालात हसतात. हसू देत. महिनेसुद्धा असेच दोन. बाहेर तै, घरात पौष नि माघ. भाजीवाल्याशी तमिळ महिन्यानं बोलायचं आणि मेलेल्या माणसांशी मराठी महिन्यानं. श्राद्ध तिथीवर, आणि ती तिथी चुकता कामा नये. बाकी आमच्याकडे पुष्कळ गोष्टी चुकतात, लग्नाच्या याद्या चुकतात, भावाभावांची बोलणी चुकतात, पण ती तिथी नाही.

ती चुकू नये ह्याची काळजी माझे अप्पा वाहायचे. तिरुभुवनमला रेशमी साड्या विणणाऱ्यांच्या संस्थेत ते कारकून होते. घरी आले की सदरा खुंटीला, कॉफी पोटात, आणि हातात ती निळ्या पुठ्ठ्याची वही. नात्यातल्या चाळीसेक घरांतले सगळे गेलेले लोक त्या वहीत. नाव, आणि नावासमोर तीन आकडे. पहिला महिन्याचा, चैत्र एक, वैशाख दोन असा. दुसरा पक्षाचा, शुद्ध असेल तर एक, वद्य असेल तर दोन. तिसरा तिथीचा. दर वर्षी तिथीच्या पंधरा दिवस आधी त्या त्या घरी अप्पांचं पोस्टकार्ड पोचायचं. ‘अमुक दिवशी तुमच्या वडिलांची तिथी. कळावे.’ बस, एवढंच. आई चिडवायची, “जिवंत माणसांना कधी पत्र लिहाल की नाही?” अप्पा म्हणायचे, “जिवंत माणसं आपली आपण आठवण करून देतात.”

सहा वर्षांपूर्वी अप्पा गेले, आणि वही माझ्याकडे आली. भावाला नको होती. मला हवी होती, फार हवी होती. मुलीनं श्राद्ध करायचं नसतं, पण सगळ्यांच्या तिथ्या तर सांभाळायच्या! मनातून मी फुशारले होते, लपवत नाही.

पोस्टकार्डं कोण लिहीत बसणार? मी विकी केली. म्हणजे अशी वेबसाइट, की जिच्यावर घरातल्या कुणीही यावं, पान लिहावं, दुसऱ्याचं चुकलेलं सुधारावं. मराठी ज्ञानकोशाच्या विकीवर मी आधीपासून संध्याकाळी लुडबुड करायची, त्यामुळे मला ते जमत होतं. तिथे मी शिरलेच मुळी एका रागातून. लोकसंख्येचे आकडे तीन-तीनचे गट पाडून छापलेले असायचे, इंग्रजी पद्धतीनं. अरे, आपल्या लाख-कोटींनी काय घोडं मारलं? विकीवर ‘साचा’ म्हणून एक प्रकार असतो, त्यात आकडा टाकला की तो ठरलेल्या रूपात पानावर उमटतो. पण त्या साच्याला आकडा तोडता येत नव्हता. मी वाचून, विचारून, चुकत-माकत त्याला चार साध्या गोष्टी करायला शिकवल्या. अक्षरं किती ती मोज. अमुक ठिकाणापासून तुकडा काप. अमुक अक्षर कुठे आहे ते शोध. एकाच्या जागी दुसरं घाल. झालं, एवढ्या भांडवलावर १२३४५६७ चे १२,३४,५६७ झाले. उजवीकडून तीन मोजायचे, स्वल्पविराम, मग दोन-दोन. त्या दिवशी मी वर्गात मुलींना विनाकारण एक तास मोकळा दिला.

आकड्याला संख्या न मानता नुसती अक्षरांची रांग मानायची, ह्यात केवढी मजा आहे ते ज्यानं केलं त्यालाच कळेल. रांगेला किंमत नसते. ती कुठेही तोडा, कुठेही जोडा, ती कुरकुर करत नाही.

तर तोच साचा मी आमच्या घरच्या विकीवर आणला. अप्पांचे तीन आकडे टाकले की पानावर छान अक्षरांत तिथी यायची, आणि साऱ्यांच्या फोनवर पंधरा दिवस आधी आठवण. पण नातेवाईक म्हणजे नातेवाईक. एकानं आकड्यांमध्ये एक जागा सोडली, दुसऱ्यानं चार, तिसऱ्यानं सोडलीच नाही. साचा अडखळायचा आणि पानावर लालभडक चूक दाखवायचा. रोज कुणाचा तरी फोन, “जानकी, अमच्या आजोबांच्या नावापुढे रक्त कां आलं?” शेवटी वैतागून मी एक ओळ लिहिली, जिथे रिकामी जागा दिसेल तिथे ती काढून टाक. मग सगळे आकडे सलग झाले, आणि साचा उजवीकडून वाचायला लागला. शेवटचे दोन आकडे पंधराच्या आत बसले आणि त्यांच्या आधी पक्ष नि महिना नीट उरले तर ती तिथी, नाही तर शेवटचा एकच. त्याच्या आधीचा पक्ष. उरेल तो महिना. लाल चुका एका दिवसात गेल्या. मी स्वतःला शाबासकी दिली आणि त्या संध्याकाळी सगळ्यांना मोतीचूर वाटला.

गोदाकाकू म्हणजे अप्पांच्या चुलतभावाची बायको. इन्नंबूरला राहायची, दोन खोल्या, मागे न्हाणी, पुढे ओसरी, आणि समोर लगेच शेत. विसाव्या वर्षी लग्न, तेविसाव्या वर्षी नवरा गेला, मूल नाही. दीर होता, त्यानं तिला अंतर दिलं नाही. भावाचं श्राद्ध तोच दर वर्षी करायचा. अप्पांपाठोपाठ वर्षभरात तो दीर गेला, आणि त्याच्यानंतर आमचे म्हातारे शास्त्रीबोवा. ज्यांना ज्यांना तो दिवस पाठ होता ते सगळे एकामागून एक उठून गेले. श्राद्धाचं आता दिराच्या मुलाकडे, वासूकडे आलं. वासू बेंगळुरूचा, तिथेच वाढलेला, सालस पोरगा. त्यानं मला फोन केला. “अक्का, मोठ्या काकांची तिथी कुठली ते सांग. मला रजा टाकायची आहे.”

मी विकीवरचं पान उघडलं आणि वाचून दाखवलं. चैत्र शुद्ध द्वादशी.

काकूला हे वासूकडून कळलं. ती दुसऱ्याच दिवशी बस पकडून कुंभकोणमला माझ्या दारात. ऐंशीला टेकलेली बाई, हातात पिशवी, पिशवीत माझ्यासाठी वेलीवरचं कारलं.

“अग जानू, तुज्या पेटीत कायतरी बिघडलं अहे,” ती म्हणाली. माझ्या कॉम्प्युटरला ती पेटीच म्हणायची. “चैत्र नव्हे ग. तै अमावास्या झाली नि दोन दिवसांनी. माघ द्वितीया. मला ठाऊक नाही तर कोणास ठाऊक असेल?”

“काकू, अप्पांच्या वहीतलं आहे. मी मनचं सांगत नाहीये.”

“खळ्यावर भात पडलं होतं अमचं. मी चुलीवर नव्या तांदळाचा भात टाकला होता. ते म्हणाले, शिजला की हाक मार. मी हाक मारली.” तिनं पिशवी खाली ठेवली. “ते आलेच नाहीत ग.”

मी काय करायला हवं होतं? उठून कपाट उघडायचं, वही काढायची, एक पान उलटायचं. चार पावलांवर होतं ते कपाट. पण मी उठले नाही. त्यातलं ते पान मी स्वतःच्या हातानं पेटीत उतरवलं होतं ना! आणि काकूचं तर सगळ्यांना माहीतच होतं. सांबारात दोनदा मीठ घालायची. वासूला त्याच्या बापाच्या नावानं हाक मारायची. आत्ता विचारलेलं परत विचारायची. वर मी तिला मळणीचा हिशेबही समजावला. “काकू, भात काय वर्षातून एकदाच पिकतं का? उन्हाळी पीक असतं, मागास पीक असतं. चैत्रातही कुठे ना कुठे खळं असतंच. इतक्या वर्षांचं आठवायचं म्हणजे सरमिसळ होणारच.” माझा आवाज गोड होता. वर्गात जी मुलगी पुन्हापुन्हा तेच चुकते त्या मुलीशी मी तसं बोलते.

ती म्हणाली, “सरी,” म्हणजे बरं. आणि मग म्हणाली, “कॉफी तरी दे. तीही पेटीतूनच येते काय?” आम्ही दोघी हसलो. मी सुटल्यासारखी हसले.

पहिलं श्राद्ध चैत्रात झालं. ऊन असं की ओसरीवर पाय ठरत नव्हता. केळीच्या पानावर उडदाचे वडे, कारलं, तिळाचे लाडू, खीर, सगळं रीतसर. वासूनं पिंडदान मनापासून केलं, शेजारच्या नव्या भटजीनं मंत्र म्हटले. कावळा वेळेवर आला. वासू मला हळूच म्हणाला, “बघ, आला. म्हणजे तिथी बरोबर.” कावळ्याचं काय हो, इन्नंबूरचे कावळे कुठल्याही दिवशी येतात. काकू खांबाला टेकून बसली होती. पाहुण्यासारखी.

दुसऱ्या वर्षी तै अमावास्येनंतर दोन दिवसांनी सकाळी तिचा फोन आला. मी शाळेच्या गडबडीत. “जानू, आज अहे ग.”

“काय आहे काकू?”

“ह्यांचं.”

“नाही काकू, चैत्रात. वासू रजा काढून येणारच आहे.”

पलीकडे भाताच्या पाखडणीचा आवाज येत होता, सूप हलल्याचा. “सरी,” ती म्हणाली आणि फोन ठेवला. मी दहावीच्या सराव परीक्षेचे पेपर उचलले आणि धावले. त्या आवाजाकडे मी तेव्हा लक्ष दिलं नाही. आता मात्र तै आला की तो मला वर्गातसुद्धा ऐकू येतो.

तिसऱ्या वर्षी फोन आला नाही. मला, खरं सांगते, बरं वाटलं. वासूला मी म्हटलंसुद्धा, “काकूनं आता मान्य केलंय बघ. उगाच मनात धरून बसली होती.”

गेल्या ऐप्पसीत, म्हणजे दिवाळीच्या सुमाराला, पाऊस कोसळत असताना, काकू गेली. झोपेत, त्रास न होता. तेरावा झाल्यावर मी विकीवर तिचं पान करायला बसले. नाव, माहेर, तिथी. वाटलं, तिच्या नवऱ्याबद्दल अप्पांनी आणखी काही लिहून ठेवलं असेल तर तेही घालावं, बिचारीच्या पानावर दुसरं लिहायला होतंच काय. म्हणून वही काढली. पान पिवळं झालेलं, शाई तपकिरी. काकांचं नाव. आणि नावासमोर अप्पांच्या ठसठशीत अक्षरात अकरा, मग बोटभर मोकळी जागा, मग एक, मग पुन्हा बोटभर जागा, मग दोन.

अकरावा महिना माघ. पक्ष शुद्ध. तिथी द्वितीया.

माझ्या साच्यानं मधल्या जागा पुसल्या. उरले एक, एक, एक, दोन. उजवीकडून वाचलं, शेवटचे दोन आकडे बारा, पंधराच्या आत. म्हणून द्वादशी. मग एक, शुद्ध पक्ष. मग उरला एक, चैत्र. किती सुरेख! कुठे लाल चूक नाही, कुठे अडखळणं नाही. चुकीचं उत्तर इतकं नीटनेटकं असेल तर त्याच्यावर संशय कोण घेणार?  मग सगळी वही तपासली. अशी चूक आणखी दोघांच्या बाबतीत निघाली, पण ते दोघे इतके जुने की त्यांना पाहिलेलं कुणी उरलं नव्हतं. ज्याच्या मरणाला जिवंत साक्षीदार होता असा एकटा तोच, आणि त्या साक्षीदाराला मी खोटं पाडलं होतं.

दुरुस्ती करायला मला चहा निवायच्या आत जमलं. महिना, पक्ष, तिथी, तीन वेगवेगळे रकाने केले, जागा पुसणारी ती ओळ काढून टाकली. एवढंच तर होतं.

वासूला फोन केला. त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “जाऊ दे अक्का. आपण मनोभावे केलं ना? त्यांना पोचलं असेल.”

“त्यांना पोचलं असेल रे,” मी म्हटलं. “तिला काय पोचलं?”

त्यानं माघातली तारीख विचारून घेतली. त्याचा काय दोष म्हणा. तो यंदा माघात आलाय. आज सकाळी इन्नंबूरला त्याच ओसरीवर श्राद्ध झालं, बरोबर दिवशी, समोर रस्त्यावर भात वाळत असताना. शेजारणीनं नवे तांदूळ आणून दिले. सगळं जिथल्या तिथे होतं, आणि खांबाशी कुणी नव्हतं. मला जेवण गेलं नाही. वाढणाऱ्या बाईला मी पोट बरं नाही असं सांगितलं.

लोक म्हणतात, चूक कुणाकडूनही होते. होते की. मी रोज तीस मुलींच्या चुका तपासते, मला ठाऊक नाही होय? रिकामी जागा पुसली, ही चूक. ती मी स्वतःला माफ करीन कधीतरी. पण चार पावलांवरचं कपाट मी उघडलं नाही, ते कुठल्या साच्यात बसवू? एका बाईनं आयुष्यभर एकच दिवस जपला होता. तिच्याजवळ त्या माणसाचं दुसरं काही नव्हतं, फोटोसुद्धा नव्हता, लग्नाला तीन वर्षं झालेली. तो दिवस मी तिच्या हातातून गोड बोलून काढून घेतला, आणि वर म्हटलं की काकूनं मान्य केलं.

मान्य कसं केलं ते मला माहीत आहे. वासूला मी हे सांगितलेलं नाही. तिसऱ्या वर्षीचं चैत्रातलं श्राद्ध आटोपलं होतं, जेवणं झाली होती, वासू आत पंख्याखाली पडला होता. मी नि काकू मागच्या अंगणात पानं गोळा करत होतो. तिच्या हातात खरकटं पान होतं, ती मध्येच थांबली. रागानं नाही, वाद घालायला नाही, मला खरोखरच माहीत असेल अशा विश्वासानं तिनं विचारलं.

“जानू, तू शिकलेली, तू सांगतेस म्हणजे चैत्रच असेल. पण मग ते खळ्यावर भात पडलेलं, नि मी हाक मारतें नि कोणी येत नाही, ते माझ्या डोसक्यात कोणाचं मरण बसलंय ग?”

मला घरी जायची घाई होती, बस पाच मिनिटांत होती. मी तिच्या हातातलं पान घेतलं आणि म्हटलं, “असेल काकू, कुणातरी शेजाऱ्याचं.”

ती बराच वेळ आठवत राहिली. मग मान हलवून म्हणाली, “असेल.”